मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स ओरिजिन्स : हातात घेऊन खेळावीशी वाटणारी फिगर

मॅटेल कंपनीने २०२० साली बाजारात आणलेल्या ‘मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स ओरिजिन्स’ या खेळण्यांच्या मालिकेतील वीस-बावीस फिगर (हातपाय हलवता येणाऱ्या प्लास्टिकच्या छोट्या बाहुल्या) आजवर माझ्या संग्रहात जमा झाल्या आहेत आणि त्यांतली एकही मी पॅकिंगमध्ये बंद ठेवलेली नाही. लहानपणी ज्या खेळण्यांनी वेड लावले होते त्यांच्या नव्या आवृत्त्या जमवणारे लोक आता जगभर आहेत आणि त्यांच्यासाठी निघणाऱ्या मालिकाही पुष्कळ आहेत. मात्र जुन्या खेळण्याची नवी आवृत्ती काढताना नेमके काय जपायचे आणि काय बदलायचे, या प्रश्नाचा इतका मुळातून विचार दुसऱ्या कोणत्या मालिकेने केल्याचे मला आढळले नाही. या विचारात ओरिजिन्स कोठे यशस्वी झाली आहे आणि कोठे तिचा हात आखडला आहे, हे सविस्तर सांगण्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

मूळ खेळणी १९८२ साली आली. त्या वर्षीच्या पहिल्या संचात नायक ही-मॅन, त्याचा कवटीच्या चेहऱ्याचा शत्रू स्केलेटॉर, मॅन-ॲट-आर्म्स, बीस्ट मॅन, टीला, स्ट्रॅटोस, मर-मॅन आणि झोडॅक अशा आठ फिगर होत्या. केनर कंपनीच्या स्टार वॉर्स फिगरनी १९७८ पासून पावणेचार इंच ही उंची सर्वत्र रूढ करून टाकलेली असताना मॅटेलने आपला नायक साडेपाच इंचांचा केला, त्याला अवाढव्य छाती आणि पिळदार दंड दिले आणि त्याचे गुडघे किंचित वाकवून त्याला झेप घेण्याच्या पवित्र्यात उभे केले. हालचालींच्या दृष्टीने ती फिगर अगदी साधी होती. मान, दोन खांदे, कंबर आणि दोन मांड्या अशा सहाच ठिकाणी ती वळत असे. कोपर, मनगट आणि गुडघा यांना सांधाच नव्हता. पण कंबरेत एक स्प्रिंग बसवलेली होती. धड एका बाजूला पिळून सोडले की ते झटक्यात परत फिरत असे आणि त्या गतीने ही-मॅनची मूठ समोरच्या शत्रूवर आदळत असे. ज्याने हे खेळणे हाताळले आहे त्याला त्या पिळाची ताकद बोटांच्या पेरांत आजही आठवत असेल.

माझा त्या काळातला ही-मॅन अजून माझ्याजवळ आहे. पाय आणि धड यांना जोडणारा आतला रबरी भाग सैल झाल्यामुळे त्याचे दोन्ही पाय लुळे पडले आहेत, छातीवरचा करडा पट्टा पाठीमागच्या बाजूला तुटला आहे आणि सोनेरी केसांचा रंग टोकांवर उडाला आहे. माझ्या भावाकडे स्केलेटॉर होता. दोघांच्या तलवारी म्हणजे एकाच तलवारीचे दोन अर्धे भाग होते आणि ते एकमेकांवर बसवले की एक अखंड तलवार तयार होत असे. ती जोडलेली तलवार रात्री कोणाच्या उशाशी राहणार, यावरून आमचे भांडण ठरलेले असे. हा तपशील येथे देण्याचे कारण असे की, त्या तलवारीत खेळण्याचा सगळा विचार सामावलेला होता. एक फिगर घेतली तर गोष्ट अर्धी राहत असे आणि ती पुरी करण्यासाठी दुसरी फिगर आणि खेळायला दुसरा गडी लागत असे.

आता नव्या फिगरकडे वळू. ओरिजिन्सचा ही-मॅन त्याच साडेपाच इंचांचा आहे. शेल्फवर तो जुन्या ही-मॅनशेजारी ठेवला तर दोन पावलांवरून पाहणाऱ्याला दोघांतला फरक चटकन सांगता येणार नाही; तीच रुंद छाती, तेच आखूड पाय आणि चेहऱ्यावर तोच थोडासा रागीट भाव. जवळ जाऊन पाहिले म्हणजे मग कोपराची खाच, मनगटाचा जोड आणि गुडघ्यावरची रेघ दिसू लागते. कंपनीने या फिगरला सोळा ठिकाणी हालचाल दिली आहे. कोपर वाकतो आणि फिरतोही, मनगट वळते, गुडघा दुमडतो, पाऊल वरखाली होते आणि मान इकडेतिकडे कलते. याचा प्रत्यक्ष परिणाम असा की, जुना ही-मॅन कायम एकाच पवित्र्यात उभा असे, तर नव्याला तलवार दोन्ही हातांनी डोक्यावर धरता येते, एक गुडघा टेकवून बसता येते आणि ढाल छातीसमोर आणता येते. लहानपणी या हालचाली आम्ही मनातच करत होतो. नवी फिगर हातात घेतल्यावर जे पहिले समाधान मिळाले ते याच गोष्टीचे होते.

तरीही सांध्यांची संख्या हे या मालिकेचे खरे बलस्थान आहे असे मला वाटत नाही. तिचे बलस्थान तिच्या सुटे होण्यात आहे. फिगर एका हाताने छातीशी घट्ट धरावी आणि दुसऱ्या हाताने डोके सरळ वर ओढावे; ‘टप्’ असा बारीक आवाज होऊन ते निघून येते आणि खाली मानेचा गोल खुंट दिसतो. त्याच रीतीने हात खांद्यापासून निघतात, धड कंबरेपासून वेगळे होते, पाय मांडीपासून आणि बूट गुडघ्याखालून सुटतात. पहिल्यांदा हे करताना काहीतरी मोडणार या धास्तीने हात थबकतो, पण जोड त्यासाठीच घडवलेले असल्यामुळे ते सहज निघतात आणि तितक्याच सहज परत बसतात. माझ्या टेबलावर सध्या मर-मॅनचे हात आणि बीस्ट मॅनचे धड असलेला एक निनावी राक्षस उभा आहे आणि त्याला कोणत्या बाजूने लढायचे आहे हे अजून ठरलेले नाही.

या सुट्या भागांमागे एक जुनी गोष्ट आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. मूळ मालिकेत खर्च वाचवण्यासाठी मॅटेलने तेच ते साचे पुनःपुन्हा वापरले होते. ही-मॅनचे धड स्केलेटॉरलाही होते; स्केलेटॉरचे माशासारखे पर असलेले हात आणि नख्यांचे पाय मर-मॅनलाही होते; बॅटल कॅट हा वाघ तर कंपनीच्या बिग जिम या जुन्या मालिकेतल्या वाघाच्या साच्यातून आला होता. बिग जिमच्या प्रमाणात बेताचा असलेला तो वाघ साडेपाच इंची ही-मॅनशेजारी आल्यावर एवढा मोठा दिसू लागला की त्याच्यावर खोगीर चढवून नायकाला बसवता आले. १९८५ सालचा स्टिंकॉर म्हणजे मर-मॅनच्याच साच्यातली, मेकानेक या दुसऱ्या पात्राचे चिलखत घातलेली आणि प्लास्टिकला मुद्दाम उग्र वास दिलेली फिगर होती. एकच शरीर, पण डोके, रंग, चिलखत आणि एक करामत बदलली की नवे पात्र जन्माला येत असे. ओरिजिन्सने ही काटकसर पुन्हा स्वीकारली आहे, पण त्याचबरोबर तिचा लाभ खेळणाऱ्यालाही मिळवून दिला आहे. बहुतेकांचे शरीर एकाच मापाचे असल्यामुळेच जवळजवळ कोणाचाही हात कोणालाही बसतो. जे काम पूर्वी कारखान्यात होत असे ते आता आपल्याला आपल्या टेबलावर करता येते.

‘करामत’ हा शब्द मी वर वापरला, कारण मूळ मालिकेतल्या पात्रांची ओळख तिच्यावरच ठरत असे. मॅन-ई-फेसेसच्या डोक्यावरची कळ फिरवली की माणूस, यंत्रमानव आणि राक्षस असे तीन चेहरे आळीपाळीने समोर येत. ट्राय-क्लॉप्सच्या कपाळाभोवतीची पट्टी फिरवून त्याचा डोळा बदलता येत असे. ट्रॅप जॉचा लोखंडी जबडा उघडमीट करत असे, त्याच्या एका हाताच्या जागी तीन निरनिराळी हत्यारे लावता येत आणि शिरस्त्राणावरच्या कडीतून दोरी ओवली की तो खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घसरत जाई. यांपैकी चेहरा किंवा डोळा फिरवण्याच्या आणि हत्यारे बदलण्याच्या करामती ओरिजिन्सने राखल्या आहेत. ट्राय-क्लॉप्सची पट्टी फिरवताना मला जो आनंद होतो तो चाळीस सांधे असलेल्या फिगरला हवी तशी उभी करतानाही होत नाही.

मात्र ही-मॅनची स्वतःची करामत गेली, आणि माझ्या मते या मालिकेतली सर्वांत मोठी उणीव हीच आहे. कंबरेत सांधा आला, तो कोणत्याही कोनात थांबतो, पण त्यात स्प्रिंग नाही. धड पिळून सोडले तर ते पिळलेल्या स्थितीतच राहते. तांत्रिक कारण समजण्याजोगे आहे. कंबर सुटी होणारी आणि ठरवू त्या कोनात थांबणारी करायची असेल तर तिच्यात परत खेचणारी स्प्रिंग बसवणे अवघड आहे, आणि दोहोंपैकी एक निवडायचे झाल्यास आजच्या संग्राहकाला स्थिर राहणारी फिगर अधिक सोयीची वाटते. हे सर्व मान्य करूनही मला वाटते की, निदान एखाद्या ही-मॅनमध्ये तरी तो जुना ठोसा द्यायला हवा. नव्या फिगरला मी पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा अंगठा आणि तर्जनी यांनी काही विचार न करता तिची कंबर पिळली होती. समोर आलेला शत्रू मात्र उभाच राहिला.

रंगकामाविषयी मत देताना मूळ खेळण्याचे भान ठेवले पाहिजे. ओरिजिन्समध्ये बराचसा रंग प्लास्टिकचाच असतो आणि वरून रंगवलेला भाग थोडा असतो. डोळे, भुवया, कमरपट्ट्याची कड आणि चिलखतावरच्या काही रेघा एवढेच. चेहऱ्यावर सावल्या नाहीत, स्नायूंवर छटा नाहीत. ज्यांना हुबेहूब मानवी चेहरे असलेल्या फिगर पाहण्याची सवय आहे त्यांना हे उणे वाटेल. मला ते योग्य वाटते, कारण जुन्या फिगरचा ठसा उमटला होता तो भडक आणि सपाट रंगांनीच: ही-मॅनचे केशरी-तपकिरी अंग आणि पिवळे केस, स्केलेटॉरच्या निळ्या अंगावर जांभळे चिलखत आणि त्या जांभळ्यावर उठून दिसणारी पिवळी कवटी. छातीवरचा पट्टा मऊ प्लास्टिकचा आहे आणि काढता येतो, पण त्याला वारंवार ताण देऊ नये. जुना पट्टा कोठे तुटला होता हे मी वर सांगितलेच आहे.

मालिकेची जातकुळी नीट कळण्यासाठी याच पात्रांच्या इतर आवृत्त्यांशी तुलना करणे आवश्यक आहे. २००८ साली मॅटेलने ‘मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स क्लासिक्स’ सुरू केली होती. फोर हॉर्समेन या शिल्पकारांच्या स्टुडिओने घडवलेल्या त्या फिगर सुमारे सात इंचांच्या होत्या आणि त्यांच्यावरचे कोरीव काम आजही अभ्यास करावा असे आहे. फरच्या प्रत्येक बटेला, चामड्याच्या प्रत्येक सुरकुतीला तेथे वेगळा पोत आहे. २०२१ साली आलेली मास्टरव्हर्स ही मालिकाही सात इंचांची आहे, तिच्यात सांधे अधिक आहेत आणि शरीराची ठेवण खऱ्या माणसाला जवळची आहे. दोन्ही मालिका आपापल्या जागी उत्तम आहेत. पण त्या फिगर पाहिल्यावर ते पात्र प्रत्यक्षात कसे दिसले असते याची कल्पना येते, तर ओरिजिन्सची फिगर पाहिल्यावर ते खेळणे कसे होते याची आठवण होते. कल्पना आणि आठवण यांत कोणते श्रेष्ठ हे ज्याचे त्याने ठरवावे. सात इंची फिगर मी शेल्फवर ठेवतो आणि पुसण्यापुरती खाली काढतो; साडेपाच इंची फिगर मात्र वाचताना, फोनवर बोलताना कधी हातात येते हे कळतही नाही. मुठीत मावणे हा खेळण्याचा गुण आहे आणि माप बदलले की तो जातो.

दुसरी तुलना हॅस्ब्रो कंपनीच्या जी. आय. जो क्लासिफाइड या सैनिकांच्या मालिकेशी करणे भाग आहे, कारण तीही २०२० सालीच आली आणि तिने नेमकी उलटी वाट धरली. ‘अ‍ॅक्शन फिगर’ हा शब्दप्रयोगच मुळात हॅस्ब्रोने १९६४ साली बारा इंची जी. आय. जोसाठी रूढ केला. मुलग्यांच्या हातात दिलेल्या खेळण्याला बाहुली म्हणायचे नव्हते. १९८२ साली तीच मालिका पावणेचार इंचांत नव्याने आली. धड आणि पाय यांना आतून एक रबरी कडी बांधून ठेवत असे आणि १९८३ पासून हात कोपराच्या वर आडवाही फिरू लागल्यामुळे बंदूक दोन्ही हातांत धरता येऊ लागली. त्या पहिल्या संचातला स्नेक आइज संपूर्ण काळा होता, आणि त्याचे कारण असे सांगितले जाते की रंगकामाचा खर्च वाचवण्यासाठी एक फिगर बिनरंगाची काढायची होती. चेहरा झाकलेला, तोंडातून शब्द न काढणारा तो सैनिक पुढे त्या मालिकेतला सर्वांत लाडका ठरला.

क्लासिफाइडने या पावणेचार इंची सैनिकांना सहा इंचांचे केले, खांद्यांना पुढे-मागे सरकणारे सांधे दिले, गुडघे आणि कोपर दोनदा वाकणारे केले, बंदुका ठेवायला कमरेला खरीखुरी खोबण दिली आणि सुरुवातीच्या फिगरना बऱ्याच प्रमाणात नवे, भविष्यकालीन पोशाख चढवले. पुढे जुन्या पोशाखांशी जवळीक वाढत गेली आणि जुन्या धाटणीच्या कार्डावरही (फिगर ज्यावर बसवलेली असते त्या पुठ्ठ्यावर) फिगर येऊ लागल्या, ही त्या मालिकेची चांगली वाटचाल आहे. केवळ घडणीचा विचार केला तर क्लासिफाइडची फिगर ओरिजिन्सपेक्षा सरस आहे याबद्दल मला शंका नाही. नंतरच्या फिगरच्या सांध्यांत खिळ्यांची टोके दिसत नाहीत, हत्यारांवरचे तपशील बारीक आहेत आणि स्नेक आइज तलवार उपसून एका पायावर तोल सावरू शकतो. पण ती हातात घेतल्यावर माझे बोट ज्या रबरी कडीच्या ताणाची वाट पाहत असते तो ताण तेथे नाही, कारण त्या मालिकेला तो परत आणायचाच नव्हता. क्लासिफाइड पात्राला मोठे करते. ओरिजिन्स खेळण्याला सुधारते. संग्रह सुरू करणाऱ्याने आपल्याला यांपैकी काय हवे आहे हे आधी स्वतःला विचारावे, म्हणजे पुढचा बराच पैसा आणि जागा वाचेल.

ओरिजिन्सच्या विचाराला सर्वांत जवळचे उदाहरण मला ट्रान्सफॉर्मर्समध्ये दिसते. टाकारा टोमी कंपनीने २०२४ साली मिसिंग लिंक या नावाने जो कॉनव्हॉय (ऑप्टिमस प्राइमचे जपानी नाव) काढला त्यात १९८४ सालच्या ऑप्टिमस प्राइमचे बाह्यरूप आणि रूपांतराची पद्धत राखून आत आजचे सांधे बसवले आहेत. तेथेही जुन्या खेळण्याचा चौकोनी ठोकळेपणा हा दोष मानलेला नाही. अशा मालिका थोड्या आहेत. त्यामुळे त्यांचे मोल अधिक वाटते.

पॅकिंगविषयी थोडेसेच. ओरिजिन्सचे कार्ड जुन्या कार्डासारखे आहे, त्यावर फुटणाऱ्या लाल खडकांचे तेच चित्र आहे, पारदर्शक प्लास्टिकच्या कप्प्यातून फिगर पूर्ण दिसते आणि सोबत एक छोटे कॉमिकही मिळते. फिगर पूर्ण दिसणे ही किरकोळ गोष्ट नाही. चेहऱ्यावरचा रंग यंत्राने लागतो आणि एकाच खोक्यातल्या चार फिगरमध्ये डोळ्याची बाहुली कोठे जरा वर, कोठे जरा आत सरकलेली असते. दुकानात उभे राहून चारांतून एक निवडता येणे हा संग्राहकाचा मोठा आधार आहे. हॅस्ब्रोने नव्या पॅकिंगमधून प्लास्टिक काढून टाकण्याचे २०१९ साली जाहीर केले, त्यानुसार तिच्या सहा इंची फिगर बंद खोक्यांत येऊ लागल्या आणि २०२३ साली कंपनीने पारदर्शक खिडकी परत आणली. पर्यावरणाचा मूळ हेतू योग्यच होता, परंतु आतला चेहरा न पाहता फिगर घेणे संग्राहकांना रुचले नाही, हेही खरे.

फिगर उघडल्यावर सांधे हलवण्याची घाई करू नये, हे मी एक चूक करून शिकलो. दुसऱ्याच एका मालिकेतल्या फिगरचा कोपर रंगामुळे चिकटून बसला होता. मी जोर लावला तेव्हा कोपर फिरला नाही, आतला खुंट पिळला गेला आणि वाकलेल्या जागी प्लास्टिक पांढरे पडले. ती रेघ अजून आहे आणि तो हात मी पुन्हा हलवलेला नाही. तेव्हापासून नव्या फिगरचा प्रत्येक सांधा मी आधी अगदी हलकेच चाचपतो. जो हलत नाही तो गरम पाण्यात मिनिटभर बुडवतो, बाहेर काढून ऊन असतानाच पुढे-मागे फिरवतो आणि सुटला की गार पाण्यात धरतो. उष्णतेने प्लास्टिक तात्पुरते मऊ होते आणि रंगाचा चिकटा न तुटता सुटतो. वाकलेली तलवारही याच रीतीने सरळ होते. ओरिजिन्सच्या सुट्या होणाऱ्या जोडांना सहसा याची गरज पडत नाही, मात्र बूट पहिल्यांदा काढताना पाय गरम करून घेतलेला बरा.

ठेवण्याच्या बाबतीत दोन गोष्टी सांभाळल्या की पुरे. थेट उन्हात ठेवलेले पांढरे आणि फिकट प्लास्टिक काही वर्षांत पिवळे पडते. मऊ प्लास्टिक लवचीक राहावे म्हणून त्यात मिसळलेले द्रव्य कालांतराने बाहेर झिरपते, त्यामुळे वस्तू चिकट होते आणि जवळच्या कडक प्लास्टिकवर डागही पडतो. म्हणून माझ्या जुन्या ही-मॅनचा तुटका पट्टा मी त्याच्या अंगावर न ठेवता कागदात गुंडाळून वेगळा ठेवला आहे. नव्या फिगरच्या मऊ चिलखतांनाही वर्षातून एकदा काढून, पुसून, मोकळी हवा द्यावी.

या मालिकेवर घेतला जाणारा सर्वांत सामान्य आक्षेप असा की, तिच्यात एकाच पात्राच्या आवृत्त्या फार झाल्या. ही-मॅन साध्या रूपात आला, चिलखतात आला, जुन्या कार्टूनमधल्या रंगांत आला आणि पुढे निन्जा टर्टल्सशी जोडलेल्या टर्टल्स ऑफ ग्रेस्कल या शाखेतही आला. आक्षेप निराधार नाही. पण मूळ मालिकेनेही हेच केले होते हे विसरता येत नाही; १९८४ साली छातीवर घाव दिसणारा बॅटल आर्मर ही-मॅन आणि १९८५ साली थंडर पंच ही-मॅन आला होता. फरक इतकाच की, त्या काळी प्रत्येक नव्या ही-मॅनबरोबर एक नवी करामत असे. बॅटल आर्मरच्या छातीवर मारले की आतले चक्र फिरून कोऱ्या चिलखतावर आधी एक आणि मग दुसरा घाव उमटत असे. केवळ रंग बदलून आलेली फिगर मी घेत नाही. नवे डोके, नवे चिलखत किंवा नवी करामत असेल तरच ती संग्रहात येते, आणि या एका नियमामुळे माझा संग्रह वीस-बावीसच्या पुढे गेलेला नाही.

ज्यांना ही पात्रे लहानपणी भेटलीच नाहीत त्यांनी ओरिजिन्स घ्यावी का, असा प्रश्न मला एकदोघांनी विचारला आहे. त्यांना मी मास्टरव्हर्स किंवा क्लासिफाइड पाहण्यास सांगतो, कारण ओरिजिन्सच्या आखूड पायांमागचे आणि सपाट रंगांमागचे कारण आठवणीशिवाय उमगणे कठीण आहे. घरात खेळणारे मूल असेल तर मात्र माझे उत्तर निराळे असते. मुलांना आठवणीची गरज नसते. डोके ओढल्यावर निघते आणि दुसऱ्यावर बसते, एवढे कळले की पुढचे ती स्वतःच शोधून काढतात. माझ्या भावाच्या मुलीने माझ्या टेबलाशी बसून दहा मिनिटांत टीलाला स्ट्रॅटोसचे पंख असलेले हात बसवले होते आणि ते परत करण्यास ती तयार नव्हती. फक्त हत्यारांचे बारीक भाग लहान मुलांच्या तोंडात जाणार नाहीत याची काळजी घ्यावी.

मालिकेतली एकच फिगर घ्यायची असेल तर स्केलेटॉर घ्यावा. ठोशाची उणीव त्याच्यात ही-मॅनइतकी जाणवत नाही, कारण त्याची सारी ओळख चेहऱ्यात आहे आणि तो चेहरा या मालिकेत फार चांगला उतरला आहे. पिवळ्या कवटीभोवतीचा हिरवट रंग खोबणीत नेमका थांबतो आणि डोक्यावरचा जांभळा टोप खाली झुकला की डोळ्यांच्या खाचा आपोआप काळोख्या होतात. एका हातात मेंढ्याच्या कवटीचा दंड द्यावा, दुसरा हात कोपरात वाकवून मूठ छातीशी आणावी आणि मान किंचित खाली घालावी. माझ्या भावाला मी हीच फिगर याच पवित्र्यात दिली. त्याने ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, कंबर पिळली, आणि मग माझ्याकडे पाहून विचारले की अर्धी तलवार कोठे आहे.